न्यायाधीशाचे गृहीतक हा पुरावा नव्हे

न्यायाधीशांना लिंगभावविषयक प्रशिक्षण द्यावे असे कोणी म्हटले की त्यावर एक ठरावीक प्रतिक्रिया उमटते आणि ऐकताक्षणी पटण्याजोगी असल्यामुळे ती हातोहात पसरतेही. तिचा आशय साधारण असा असतो : न्यायाधीशाने कायदा आणि पुरावा पाहावा, एवढेच त्याचे काम, त्याला समतेचे धडे देणे म्हणजे त्याला स्त्रीच्या बाजूला झुकवणे. त्याची सचोटी म्हणजे त्याने पैसे न खाणे. सुनावणीतल्या किंवा निकालपत्रातल्या एखाद्या वाक्यावरून त्याला जाब विचारणे हा न्यायालयीन स्वातंत्र्यावरचा घाला. महिला न्यायाधीश वाढल्या की जो काही प्रश्न असेल तो मिटेल, आणि तोवर एखादा निकाल चुकलाच तर अपील आहेच.

या मांडणीतले पहिले विधान मला पूर्णपणे मान्य आहे. न्यायाधीशाने कायदा आणि पुरावा यांपलीकडे जाऊ नये हे धरूनच पुढचे सारे लिहीत आहे, कारण माझा आक्षेप असा आहे की स्त्री-पुरुषांविषयीची साचेबद्ध समजूत निकालात शिरते तेव्हा न्यायाधीश नेमका हाच नियम मोडत असतो. कोणी न मांडलेली, कोणी शपथेवर न सांगितलेली आणि म्हणून कोणाला उलटतपासणीत खोडताही न आलेली गोष्ट तो सिद्ध झालेली मानतो. लिंगभावाबाबतची न्याय्यता ही न्यायाधीशाच्या कर्तव्यात बाहेरून घातलेली भर नाही. त्याच्या सर्वांत जुन्या कर्तव्याचाच तो भाग आहे.

‘कायदा आणि पुरावा पुरेसे आहेत’ या विधानाची परीक्षा महाराष्ट्रातल्याच एका खटल्यावर करता येते. १९७२ मध्ये देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप दोन पोलिसांवर ठेवण्यात आला. सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडताना मुलीला पूर्वीपासून शरीरसंबंधांची सवय होती यावर भर दिला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तोच पुरावा पाहून आरोपींना दोषी ठरवले, आणि भीतीपोटी निमूटपणे शरण जाणे म्हणजे संमती नव्हे, असा स्पष्ट भेद केला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचे दिसत नाही, म्हणून प्रतिकार नव्हता आणि प्रतिकार नव्हता म्हणून संमती होती, असा त्या निकालाचा रोख होता. भारतीय दंड संहितेचे कलम तिन्ही न्यायालयांपुढे एकच होते आणि साक्षीपुरावाही एकच होता. खरा फरक पडला तो रात्रीच्या वेळी, पोलीस ठाण्यात, गणवेशातल्या माणसांपुढे उभी असलेली मुलगी कशी वागेल याविषयीच्या अंदाजात. खरा बलात्कार झाला असता तर जखमा दिसल्या असत्या, हे वाक्य एकाही साक्षीदाराने शपथेवर उच्चारलेले नव्हते. ते निकालपत्रात आले ते न्यायाधीशांच्या मनातून.

उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्रात याच जागेवर बोट ठेवले होते. शरणागती आणि संमती यांतला फरक न्यायालयाला कसा दिसला नाही, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी न्यायालयाकडे सहानुभूतीची याचना केलेली नव्हती; पुरावा जितके सांगतो तितकेच त्यातून काढा, एवढीच त्यांची मागणी होती. पुढे १९८३ मध्ये कायदा बदलला आणि कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला व स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने संमती नव्हती असेच गृहीत धरावे, अशी तरतूद पुरावा कायद्यात आली. न्यायालयाने एक गृहीतक आपले आपण धरले होते. ते हटवण्यासाठी संसदेला त्याच्या उलटे गृहीतक कायद्यात लिहावे लागले.

ही गोष्ट केवळ लैंगिक गुन्ह्यांपुरती आहे असा समज होऊ नये. माझ्या मते तिचे सर्वांत बोलके रूप मोटार अपघाताच्या रुक्ष दाव्यांमध्ये सापडते, जिथे कोणाच्या चारित्र्याचा प्रश्न नसतो आणि भावनेला फारसा वाव नसतो. अपघातात गृहिणीचा मृत्यू झाला तर तिच्या कुटुंबाचे आर्थिक नुकसान किती, हे न्यायाधिकरणाला ठरवावे लागते. मोटार वाहन कायद्याच्या परिशिष्टात न कमावत्या जोडीदाराचे उत्पन्न कमावत्या जोडीदाराच्या उत्पन्नाच्या एक-तृतीयांश धरण्याची तरतूद होती, म्हणजे घरकामाचे मोल त्या कामावर नव्हे तर नवऱ्याच्या पगारावर ठरत होते. जमशेदपूर येथे १९८९ मध्ये लागलेल्या आगीतील मृतांच्या भरपाईसंबंधी २००१ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने गृहिणींच्या कामाचे मूल्य वर्षाला १२,००० रुपयांवरून ३६,००० रुपयांवर नेले. २०१० मधल्या एका दाव्यात न्यायमूर्ती अशोक कुमार गांगुली यांनी लक्षात आणून दिले की २००१ च्या जनगणनेत गृहिणींची गणना भिकारी आणि कैदी यांच्याबरोबर अनुत्पादक गटात केली गेली होती. जानेवारी २०२१ मध्ये याच न्यायालयाने ‘कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स’ या निकालात वेळेच्या वापराविषयीच्या सरकारी पाहणीतला आकडा उद्धृत केला : स्त्रिया कुटुंबासाठीच्या बिनमोबदला घरकामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटे. वीस वर्षांतला हा प्रवास दयेचा नाही. ‘ती काही करत नव्हती’ या समजुतीची जागा हळूहळू मोजमापाने घेतली, म्हणजेच पुराव्याने घेतली.

दुसरा दावा असा की लिंगभावाचे भान आलेला न्यायाधीश स्त्रीच्या बाजूला झुकतो आणि आरोपी पुरुषाला न्याय मिळत नाही. या दाव्यामागे जी भीती आहे ती उडवून लावण्याजोगी नाही. निर्दोषत्वाचे गृहीतक फौजदारी न्यायाचा पाया आहे आणि तक्रारदार नेहमी खरेच बोलते असे कोणत्याही न्यायालयाने मानता कामा नये. परंतु साचेबद्ध कल्पना नाकारणे आणि तक्रारदारावर डोळे झाकून विश्वास ठेवणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कॅनडातल्या एका प्रकरणात त्यांच्यातले अंतर स्पष्ट दिसते. कॅलगरी येथे २०१४ मध्ये लैंगिक अत्याचाराचा खटला चालवताना न्यायाधीश रॉबिन कॅम्प यांनी फिर्यादी तरुणीला, तू गुडघे जुळवून का ठेवले नाहीस, असे विचारले. सुनावणीत त्यांनी तिचा उल्लेख अनेकदा चक्क ‘आरोपी’ असा केला. त्यांनी आरोपीला निर्दोष सोडले; अपील न्यायालयाने तो निकाल रद्द करून फेरसुनावणीचा आदेश दिला. जानेवारी २०१७ मध्ये दुसऱ्या न्यायाधीशाने आरोपीला पुन्हा निर्दोष ठरवले. त्यानंतर मार्च महिन्यात कॅनडाच्या न्यायिक परिषदेने कॅम्प यांना पदावरून दूर करण्याची शिफारस केली आणि त्यांनी राजीनामा दिला.

या क्रमाकडे नीट पाहिले पाहिजे. आरोपी दोन्ही वेळा सुटला. तरीही पहिली सुटका अन्याय्य होती आणि दुसरी न्याय्य, कारण दुसऱ्या वेळी गुन्हा वाजवी शंकेपलीकडे सिद्ध झाला की नाही एवढाच प्रश्न विचारला गेला. परिषदेची शिफारस आरोपी दुसऱ्यांदा सुटल्यानंतर आली, याचा अर्थ कॅम्प यांच्यावरचा ठपका निकालासाठी नव्हता. त्या निकालापर्यंत ते ज्या वाटेने गेले त्या वाटेसाठी होता. लिंगभावाची न्याय्यता म्हणजे दोषसिद्धीचे प्रमाण वाढवण्याची योजना, असे समजणाऱ्यांनी या प्रकरणाचा अर्थ कसा लावायचा ते सांगावे.

साचेबद्ध कल्पनांचा फटका पुरुषांनाही बसतो, हे तर या दाव्यात पूर्णपणे विसरले जाते. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात एके काळी अविवाहित आई मरण पावली की तिची मुले थेट सरकारच्या ताब्यात जात. मुलांना स्वतः वाढवलेल्या पित्यालाही आपली पात्रता दाखवण्याची संधी नसे, कारण लग्न न केलेला बाप नालायकच असणार, असे कायदाच धरून चालत होता. १९७२ मध्ये ‘स्टॅन्ले विरुद्ध इलिनॉय’ या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. न्यायालयाने त्या पित्याला मुलांचा ताबा बहाल केला नाही. त्याचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय त्याच्या पात्रतेविषयी निष्कर्ष काढता येणार नाही, एवढेच सांगितले. देसाईगंजच्या मुलीला जे मिळायला हवे होते, तेच या बापाला मिळाले : गृहीतकाऐवजी चौकशी.

तिसरा दावा सचोटीविषयीचा आहे आणि त्यात दोन विधाने एकमेकांत गुंतलेली आहेत. सचोटी म्हणजे पैसे न खाणे, हे त्यातले पहिले. न्यायाधीशांच्या आचरणाविषयीची जी तत्त्वे आज जगभर प्रमाण मानली जातात त्यांचा मसुदा २००१ मध्ये बंगळुरू येथे तयार झाला, नोव्हेंबर २००२ मध्ये हेग येथे त्याला अंतिम रूप मिळाले आणि २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेने सदस्य देशांना त्यांचा विचार करण्याचे आवाहन केले. स्वातंत्र्य, निःपक्षपातीपणा, सचोटी, औचित्य, समानता आणि क्षमता व तत्परता ही सहा मूल्ये त्यांत एका रांगेत मांडली आहेत. सचोटीचा निकष तिथे असा आहे की सुजाण त्रयस्थाच्या नजरेतूनही न्यायाधीशाचे वर्तन निष्कलंक दिसले पाहिजे. समानतेखाली म्हटले आहे की न्यायाधीशाने आपल्या बोलण्यातून वा वागण्यातून पूर्वग्रह प्रकट करू नये, कर्मचाऱ्यांना तसे करू देऊ नये आणि आपल्यापुढे उभ्या राहणाऱ्या वकिलांनाही त्यापासून रोखावे. हे शेवटचे कलम मला विशेष महत्त्वाचे वाटते. उलटतपासणीच्या नावाखाली साक्षीदार स्त्रीची विटंबना चालू असताना गप्प बसणारा न्यायाधीश तटस्थ राहिला असे आपण सहज म्हणून जातो. या तत्त्वांनुसार तो कर्तव्यात चुकलेला असतो.

शिवाय भ्रष्टाचार पैशातच होतो असे नाही. हातातल्या अधिकाराच्या बदल्यात लैंगिक मागणी करणे हा भ्रष्टाचारच आहे, परंतु रोख रकमेची देवघेव न झाल्यामुळे लाचलुचपतीच्या पारंपरिक व्याख्येतून तो निसटत राहिला. महिला न्यायाधीशांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्याला ‘सेक्स्टॉर्शन’ असे स्वतंत्र नाव देऊन त्याविरुद्ध मोहीम चालवली. ‘पैसे खाल्ले नाहीत ना?’ एवढीच कसोटी ठेवली तर हा भ्रष्टाचार करणारा माणूस सचोटीचा ठरतो.

दुसरे विधान असे की न्यायाधीशाच्या शब्दांवर बोट ठेवणे म्हणजे त्याच्या स्वातंत्र्यावर घाला. इथे मात्र थोडे थांबले पाहिजे, कारण असा घाला प्रत्यक्षात पडू शकतो. कॅलिफोर्नियातील न्यायाधीश ॲरन पर्स्की यांनी २०१६ मध्ये लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात विद्यापीठात शिकणाऱ्या एका तरुणाला सहा महिन्यांची शिक्षा दिली. ती फार सौम्य असल्याची टीका झाली. न्यायाधीशांच्या वर्तनाची चौकशी करणाऱ्या तिथल्या आयोगाला गैरवर्तन आढळले नाही, तरी जून २०१८ मध्ये मतदारांनी मतपेटीद्वारे त्यांना पदावरून परत बोलावले. शिक्षा मलाही अपुरी वाटते, परंतु हा उपाय मला चुकीचा वाटतो; शिक्षेच्या प्रमाणावरून मतदान होऊ लागले तर उद्याचा न्यायाधीश आरोपीकडे न पाहता मतदाराकडे पाहील. कॅम्प आणि पर्स्की यांची प्रकरणे एका मापाने मोजता येत नाहीत. एकात चौकशी वर्तनाची झाली आणि ती न्यायाधीशांच्याच परिषदेने केली. दुसऱ्यात निकालाचा सूड जमावाने घेतला. प्रतिक्रिया पसरवणारे मात्र हा भेद करत नाहीत आणि पर्स्की यांचे उदाहरण दाखवून कॅम्प यांना संरक्षण मागतात.

शब्दांना परिणाम नसतो असे ज्यांना वाटते त्यांनी मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचा जुलै २०२० मधला जामीन आदेश आठवावा. विनयभंगाच्या आरोपीला जामीन देताना अशी अट घातली गेली की त्याने रक्षाबंधनाच्या दिवशी पत्नीसह मिठाई घेऊन तक्रारदार स्त्रीच्या घरी जावे, तिच्याकडून राखी बांधून घ्यावी आणि ओवाळणी म्हणून ११,००० रुपये द्यावेत. मार्च २०२१ मध्ये ‘अपर्णा भट विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही अट रद्द केली. अशा अटीमुळे विनयभंगाचा आरोपी न्यायालयाच्या हुकमाने भाऊ बनतो, असे सुनावले आणि तक्रारदाराशी आरोपीची भेट घडवणाऱ्या अटी, तडजोडीच्या वा लग्नाच्या सूचना, स्त्रीच्या पोशाखावरचे वा वर्तनावरचे शेरे टाळावेत, असे निर्देश दिले. या अटीने तक्रारदारावर अन्याय केला हे उघड आहे. आरोपीवरही तिने अन्याय केला, हे तितकेसे कोणी बोलले नाही. खटला उभा राहण्याआधीच त्याला ओवाळणीच्या रूपाने प्रायश्चित्त घ्यायला लावणे म्हणजे त्याचा गुन्हा आधीच धरून चालणे नव्हे काय?

न्यायालयीन स्वातंत्र्य ही न्यायाधीशाची खासगी मालमत्ता नाही. बंगळुरू तत्त्वांच्या पहिल्याच मूल्यात त्याला न्याय्य सुनावणीची मूलभूत हमी म्हटले आहे, म्हणजे त्याचा लाभार्थी पक्षकार आहे. त्याचा उपयोग ढाल म्हणून झाला की काय होते याचे उदाहरण एप्रिल २०१९ मध्ये भारताने पाहिले. तत्कालीन सरन्यायाधीश रंजन गोगोई यांच्याविरुद्ध न्यायालयातल्या एका माजी महिला कर्मचाऱ्याने लैंगिक छळाची तक्रार केली, तेव्हा ‘न्यायपालिकेच्या स्वातंत्र्याशी निगडित’ बाब म्हणून शनिवारी विशेष पीठ बसले आणि त्या पीठात स्वतः सरन्यायाधीश होते. त्यांनी आरोप नाकारले होते. नंतर अंतर्गत समितीलाही तक्रारीत तथ्य आढळले नाही, मात्र तिचा अहवाल प्रसिद्ध झाला नाही. तक्रार खरी की खोटी हा इथे माझा मुद्दाच नाही. स्वतःच्या प्रकरणात कोणी न्यायाधीश होऊ नये, हा न्यायशास्त्राचा पहिला धडा आहे आणि आपण त्या पीठात बसायला नको होते, असे गोगोई यांनी स्वतःच २०२१ मध्ये म्हटले. आरोप खोटा असेल तर स्वतंत्र आणि पारदर्शक चौकशीची सर्वाधिक गरज आरोप झालेल्या न्यायाधीशालाच असते.

प्रशिक्षणाने स्वातंत्र्य धोक्यात येते या शंकेवर कॅनडाने २०२१ मध्ये काढलेला तोडगा विचारात घेण्याजोगा आहे. वरिष्ठ न्यायालयात नेमणूक हवी असणाऱ्याने लैंगिक अत्याचारविषयक कायदा आणि सामाजिक संदर्भ यांचे प्रशिक्षण घेण्याची हमी द्यावी, असे कायदा सांगतो; प्रशिक्षणाची आखणी मात्र न्यायाधीशांच्या परिषदेकडे आहे, सरकारकडे नाही. न्यायाधीश हिशेबतपासणीतले बारकावे समजून घेतो, न्यायवैद्यक अहवाल कसा वाचावा हे शिकतो, आणि त्याबद्दल तो बँकेच्या वा डॉक्टरांच्या बाजूला झुकला असे कोणी म्हणत नाही.

महिला न्यायाधीश वाढल्या की प्रश्न सुटेल, या चौथ्या दाव्याला फार जागा देण्याचे कारण नाही. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, कपड्यांवरून केलेला स्पर्श हा बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या ‘पॉक्सो’ कायद्याखालील लैंगिक हल्ला ठरत नाही, असा निकाल दिला. तो देणाऱ्या न्यायमूर्ती महिला होत्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि लैंगिक हेतू महत्त्वाचा, त्वचेला त्वचा लागणे नव्हे, असे स्पष्ट केले. संमती आणि शरणागती यांतला भेद १९७६ मध्ये ज्या खंडपीठाने अचूक केला होता, तेही नागपूरचेच. १९५० मध्ये स्थापन झालेल्या सर्वोच्च न्यायालयात पहिली महिला न्यायमूर्ती, फातिमा बीवी, १९८९ मध्ये आल्या. ही ३९ वर्षे लाजिरवाणी आहेत आणि न्यायासनावर स्त्रिया हव्यात त्या समान संधीच्या हक्काने. पुरुष न्यायाधीशांचे पूर्वग्रह निस्तरण्याचे काम त्यांच्यावर सोपवणे हीदेखील एक साचेबद्ध कल्पनाच आहे.

उरला अपिलाचा दावा. भारतात गुन्ह्याचा बळी ठरलेल्या व्यक्तीला निर्दोषमुक्तीविरुद्ध स्वतः अपील करण्याचा हक्क ३१ डिसेंबर २००९ पासून मिळाला. त्याआधी पोलिसांनी उभ्या केलेल्या खटल्यात अपील करायचे की नाही हे सरकारच्या हाती होते. ज्या निकालामुळे देशाला कायदा बदलावा लागला तो तर सर्वोच्च न्यायालयाचाच होता, आणि त्याच्यावर अपील नसते. फिलिपिन्समधील एका बलात्कार खटल्यात निकालाला सुमारे आठ वर्षे लागली, आरोपी सुटला आणि तक्रारदार स्त्रीला अखेर संयुक्त राष्ट्रांच्या समितीकडे जावे लागले. साचेबद्ध कल्पनांच्या आधारे निकाल दिल्याबद्दल समितीने २०१० मध्ये देशाला जबाबदार धरले, पण तिलाही तो निकाल बदलण्याचा अधिकार नव्हता.

याहून मूलभूत अडचण अशी की अपील होते ते नोंदीवर असलेल्या गोष्टींचे. भर न्यायालयात मारलेला टोमणा, साक्ष चालू असताना वकिलाच्या विनोदावर न्यायासनावरून आलेले हसू, ‘घरातली भांडणे घरातच मिटवा’ असा तोंडी दिलेला सल्ला, हे सारे बहुतेक वेळा कोणत्याही कागदावर उतरत नाही. ते ऐकून एखादी साक्षीदार गप्प झाली तर नोंदीवर फक्त तिने उत्तर दिले नाही एवढेच राहते आणि वरचे न्यायालय तेच वाचते. कॅम्प यांच्यावर कारवाई होऊ शकली, कारण त्यांचा प्रत्येक शब्द कामकाजाच्या नोंदीत होता. कॅनडाच्या २०२१ च्या कायद्यात लैंगिक अत्याचाराच्या खटल्यातल्या निर्णयांची कारणे लेखी द्यावीत किंवा नोंदीवर आणावीत, अशीही तरतूद आहे. अपिलावर एवढा भरवसा असणाऱ्यांनी निदान साक्षीच्या संपूर्ण ध्वनिमुद्रणाची मागणी तरी करावी.